बटण कुणाच्या हातात?

राजकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झेंडे, सभा आणि भोंगे लावलेल्या रिक्षा येतात. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब यांचं नाव त्या यादीत कुणी धरत नाही. पण निवडणूक न लढवताही या कंपन्या राजकारणावर परिणाम करतात. तो कसा, हे आपण इंजिनिअरच्या नजरेने पाहू.

आधी जवळचं उदाहरण. आपल्या द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे धुळ्याला जातो. त्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. मारणारे हात माणसांचेच होते, तो दोष अ‍ॅपवर ढकलून चालणार नाही. पण अफवेला एवढा वेग कुठून आला?

साधं गणित करू. एकाने मेसेज २० जणांना पाठवला, त्या प्रत्येकाने पुढे २० जणांना, तर पाचव्या पायरीवर तो ३२ लाख लोकांकडे पोचतो. तेच २० च्या जागी ५ धरा, आकडा येतो ३,१२५! आणि पुढचा प्रत्येक जण म्हणजे एखादा ग्रुप असेल तर विचारूच नका. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने कंपनीला जाब विचारला आणि त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली.

निर्णय चांगलाच होता. पण कोट्यवधी लोकांत कुठली गोष्ट किती वेगाने पसरावी हे ठरवणारा तो ‘पाच’ कुठल्या विधानसभेत मंजूर झाला नाही. तो कंपनीने ठरवला आणि कोडमध्ये बदलला. सत्ता म्हणतात ती हीच.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी लोकांना ‘आज मतदान आहे’ असा संदेश दाखवला, सोबत मतदान केलेल्या मित्रांचे फोटो. २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली. त्यात कुठल्याही पक्षाचा प्रचार नव्हता. पण उद्या हाच संदेश एका भागात दाखवला आणि दुसऱ्या भागात नाही, तर? बाहेरच्या माणसाला ते कळणं फार कठीण.

तिसरं उदाहरण आपल्याच देशातलं. ठराविक साइट फुकट देणारी ‘फ्री बेसिक्स’ योजना फेसबुकने आणली. २०१५ मध्ये ट्राय या नियामक संस्थेने याविषयी लोकांची मतं मागवली, तेव्हा फेसबुकने आपल्याच साइटवरून लोकांना तयार मजकुराचे ईमेल ट्रायला पाठवायला लावले. म्हणजे खेळाडूही तोच आणि मैदानही त्याचंच! विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, असं ट्रायने सुनावलं. विरोधात हजारो नेटकरी आणि आयआयटीचे काही प्राध्यापकही उभे राहिले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने साइटनुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. म्हणजे कंपनी कितीही मोठी असो, लोक जागे असले तर नियम करता येतो.

मग आपण काय करायचं? होस्टेलच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी ‘हे कुणी, कधी, कुठे म्हटलं?’ एवढं तरी विचारूया. संतापाने बोट शिवशिवत असेल तर दहा मिनिटं थांबूया. पण हे झालं वापरणाऱ्याचं. आपल्यातले कितीतरी जण उद्या अशाच कंपन्यांत कोड लिहायला बसतील. तिथे ‘लोक जास्त वेळ कसे थांबतील?’ हा प्रश्न रोज विचारला जाईल. ‘याने एखाद्या गावात काय होईल?’ हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागेल. तेवढी हिंमत डिग्रीबरोबर घेऊन बाहेर पडूया.