टेंपोत मोटारसायकल चढवण्याआधी तळ तपासा

मासळी पोचवून परतताना आपण त्याच टेंपोत मोटारसायकल चढवतो. क्रेटचं वजन सगळ्या तळावर पसरतं. पण बुलेटचे साधारण 190 किलो फक्त दोन टायरांवर येतात, साइड स्टँड लावला तर त्याच्या टोकावरही. बर्फाचं खारट पाणी मुरून प्लायवूड आतून कुजतं, वरून कळत नाही.

स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर प्लायवूड बदला. टायरांखाली जाड, लांब फळी घाला, म्हणजे भार खालच्या दोन-तीन आडव्या लोखंडी पट्ट्यांवर जाईल. स्टँड वर घेऊन गाडी सरळ उभी करा, चारी बाजूंनी पट्ट्यांनी ताणून बांधा. हूक लोखंडाला लावा, प्लायवूडला नको.

आणि गाडी धरायला पोराला मागे बसवू नका. तळ खचला तर ती त्याच्याच अंगावर येईल.