आधी अंगठा!
स्ट्रमिंग जमलं, पण फिंगरपिकिंगला बसलात की बोटं एकमेकांत अडकतात ना? गिटार कोपऱ्यात टाकू नका. आधी फक्त अंगठा. सी कॉर्ड धरा. सगळ्यात बारीक तार पहिली, तर अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. मेट्रोनोम ६०वर, ठोक्याला एक तार. तो न बघता चालला, की मग तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसऱ्यावर. केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिसच्या नावाचं ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ याच अंगठ्यावर उभं आहे. आणि आपल्या खान्देशाला हे नवं कुठंय? असोद्याच्या बहिणाबाईंचं जातं आठवा: खुंट्यावर हात एका लयीत, ओवी त्यावर मोकळी. आणि हो, जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका; डिंक सुटून ब्रिज उचलतो.