मैदान कोणाचे? शिवाजी पार्कच्या शंभर वर्षांचा मागोवा

मुंबईसारख्या शहरात, जेथे जमिनीचा वीतभर तुकडाही कोणाच्या ना कोणाच्या हिशेबातून सुटत नाही, तेथे सुमारे २८ एकरांचे एक मैदान शंभर वर्षे मोकळे राहावे, ही गोष्ट वरकरणी वाटते तितकी साधी नाही. १९२५ साली मुंबई महानगरपालिकेने लोकांसाठी खुले केलेले दादरचे शिवाजी पार्क टिकले, ते कोणा एका द्रष्ट्या पुरुषाच्या पुण्याईने नव्हे आणि कोणा एका कायद्याच्या बळावरही नव्हे. ते टिकले त्याच्यावरून झालेल्या भांडणांमुळे. खेळाडूंनी सभावाल्यांशी, रहिवाशांनी पालिकेशी, पालिकेने कधी सरकारशी तर कधी स्वतःच्याच ठरावांशी जो वाद पिढ्यान्‌पिढ्या घातला, त्यापायी त्या जमिनीवर कोणाचाच कब्जा पक्का झाला नाही. सार्वजनिक जागेच्या नशिबी याहून मोठे भाग्य क्वचितच येते.

या मैदानाचा जन्म एका भीतीतून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या चाळींतून त्याने जो संहार मांडला, त्याने हादरलेल्या सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. हवा आणि उजेड यांचा मनुष्याच्या आयुष्याशी काही संबंध आहे, हे तत्त्व त्यानंतर कुठे नगररचनेच्या दफ्तरात दाखल झाले. शहर उत्तरेकडे सरकू लागले; दादर, माटुंगा, शीव येथे आखीव वसाहती उभ्या राहिल्या; आणि रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, पालिकेने एक विस्तीर्ण जागा मोकळी सोडली. तिचे पहिले नाव माहीम पार्क. त्या काळी रूढ असलेल्या कालगणनेप्रमाणे १९२७ हे शिवजन्माचे त्रिशताब्दी वर्ष होते, आणि त्याच वर्षी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून मैदानाला शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. महात्मा गांधींचे चरित्र १९१८ मध्येच मराठीत लिहिणाऱ्या, हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या या बाईंचे नाव आज कट्ट्यावर बसणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. परंतु या मैदानाबाबत लोकप्रतिनिधीने धरलेला पहिला हट्ट त्यांचा होता, याची नोंद असावी. मैदानालगतच्या रस्त्याला ज्यांचे नाव मिळाले, ते कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिवचरित्रकार. आणि त्यांनीच तरुण भीमराव आंबेडकरांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. या परिसरात पुढे जे जे घडायचे होते, त्यातले बरेच काही त्या एका रस्त्याच्या पाटीवर आधीच लिहून ठेवले होते.

तिसाच्या आणि चाळिसाच्या दशकांत मैदानाभोवती दोन-तीन मजली घरांचे कडे उभे राहिले. गोलाई घेतलेले सज्जे, मोझेकची फरशी आणि समुद्राचा वारा थेट माजघरापर्यंत पोचेल अशी खिडक्यांची मांडणी, हे त्या घरांचे वैभव. त्यांत राहायला आला तो बहुतांशी मराठी मध्यमवर्ग : शिक्षक, वकील, डॉक्टर, कारकून, लेखक, नट. मैदानाच्या भोवतालची बुटकी भिंत म्हणजेच 'कट्टा' ही या वर्गाची दिवाणखान्याबाहेरची बैठक झाली, आणि आत खेळाडूंनी आपला जम बसवला. रविवारी सकाळी तेथे एकाच वेळी इतके सामने चालत, की एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असे आणि आपल्याकडे येणारा चेंडू कोणत्या सामन्याचा, हे त्याला क्षणार्धात ओळखावे लागे. रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला तो याच गर्दीत. जागेची वाटणी कोणी लेखी केलेली नव्हती. ती रोज सकाळी नव्याने होत असे आणि संध्याकाळी मोडत असे.

मात्र मैदानाच्या मध्यभागाविषयी जितका गाजावाजा झाला, तितके त्याच्या कडेविषयी मौन पाळले गेले. जिमखाना, व्यायाममंदिर, बंगाल क्लब, स्काउटांचे सभागृह, बाग, वाचनालय, देवळे अशी एकेक वास्तू कडेकडेने वसत गेली. यांतील प्रत्येकीचे काम लोकोपयोगी होते आणि कित्येकींचे कीर्तिमानही. मल्लखांबाची जी परंपरा येथे जोपासली गेली, तिचे ऋण साऱ्या देशाने मानावे असे आहे. तरीही जे मिळाले ते मैदानातूनच मिळाले, आणि त्यावर त्या त्या काळी फारसा वाद झाला नाही, हे विसरता येत नाही. वाद झाला नाही, म्हणूनच ती जागा गेली.

मैदानाला आवाज मिळाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. आचार्य अत्र्यांच्या सभांना येथे जनसागर लोटे, आणि ज्यांच्या खिडक्यांवर त्या ध्वनिक्षेपकांचे कर्णे रोखलेले असत, ते रहिवासीच सभेच्या पहिल्या रांगांत बसलेले असत. त्यामुळे गोंगाटाची तक्रार करणार कोण, आणि कोणाविरुद्ध? १९६६ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी मैदानाच्या पश्चिम बाजूला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेचा पहिला मेळावा येथे भरला. दसरा मेळावा हा पुढे मैदानाच्या पंचांगातला ठरलेला दिवस बनला.

दुसरा ठरलेला दिवस ६ डिसेंबर. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर डॉ. आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, १९७१ मध्ये तेथे चैत्यभूमीची वास्तू लोकार्पण झाली, आणि दरवर्षी त्या सुमारास गावोगावचे लाखो अनुयायी मुंबईत येतात, त्यांचा मुक्काम शिवाजी पार्कवर पडतो. पालिका मंडप, पाणी, शौचालये यांचा बंदोबस्त करते. पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात, आणि डोक्यावर वळकटी घेतलेली माणसे त्या दुकानांपुढे उभी राहून पुस्तके चाळतात, निवडतात, पदराच्या गाठीतले पैसे सोडून विकत घेतात. या दिवसांत परिसरातील काही बिऱ्हाडे दारे लावून घेत वा बाहेरगावी जात, आणि अस्वच्छतेची तक्रार नेमकी याच गर्दीबद्दल मोठ्या आवाजात होत असे, हे या परिसराच्या इतिहासातील लपवू नये असे पान आहे. दसऱ्याच्या गर्दीनंतरही मैदान झाडावेच लागे. पण तेव्हा 'बाहेरचे लोक' हा शब्दप्रयोग ऐकू येत नसे. आपल्या घराजवळच्या जागेवर आपला हक्क सांगताना मनुष्य कोणाला पाहुणा मानतो आणि कोणाला उपरा, यावरून त्याच्या नागरिकत्वाची खरी परीक्षा होते.

नव्या शतकात वादाची भाषा बदलली. घोषणेच्या जागी याचिका आली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली होती, आणि तेथे दिवसाच्या आवाजाची मर्यादा ५० डेसिबल होती. सभांच्या कर्कशपणाला विटलेल्या रहिवाशांच्या एका न्यासाने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०१० मध्ये न्यायालयाने शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र असल्याचा निर्वाळा दिला. ज्यांच्या वडिलांनी अत्र्यांच्या सभेत टाळ्या पिटल्या, त्यांच्याच मुलांनी कर्णा बंद करण्याचा हुकूम मिळवला, असे म्हणून या घटनेची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु वडिलांच्या काळी सभा मोजक्या होत्या, ध्वनिक्षेपक लहान होते आणि व्यासपीठावर जे बोलले जाई त्याच्याशी ऐकणाऱ्याचे काही नाते होते. तक्रार भाषणाविरुद्ध नव्हती. आपल्याला न विचारता आपल्या घरात शिरणाऱ्या आवाजाविरुद्ध होती.

न्यायालयाच्या निर्णयाने वाद मिटला नाही, त्याला रीतसर चौकट तेवढी मिळाली. मेळावे अटींवर होत राहिले. २०१६ च्या जानेवारीत राज्य सरकारने वर्षातील ४५ दिवस क्रीडेतर कार्यक्रमांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय काढला. म्हणजे मैदान खेळाचे हे तत्त्व मान्य झाले आणि त्याला अपवाद किती, हेही आकड्यांत बांधले गेले. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडून दोन्ही गटांनी दसऱ्यासाठी अर्ज केले, तेव्हा पालिकेच्या प्रभाग कार्यालयाने कायदा व सुव्यवस्थेचे कारण दाखवून दोघांनाही नकार दिला. उच्च न्यायालयाने मात्र उद्धव ठाकरे यांच्या गटाला परवानगी दिली, आणि दुसरा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात भरला. मैदानाचा अर्ज हा पक्षाच्या वारसाहक्काचा दस्तऐवज ठरावा, असा तो विलक्षण प्रसंग होता. त्या साऱ्या गदारोळात मैदानावर रोज खेळणाऱ्या पोरांचे काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

स्मारकांचा वाद याहून नाजूक. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर मैदानातच अंत्यसंस्कार झाले. त्या जागी तात्पुरता चौथरा राहिला, त्यावरून पालिका आणि पक्ष यांच्यात पेच पडला, आणि अखेर चौथरा काढून तेथे छोटेखानी हिरवळ करण्यात आली. राष्ट्रीय स्मारकासाठी जवळच्याच महापौर बंगल्याची निवड झाली. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांना याच मैदानाने निरोप दिला, आणि चितेची धग विझते न विझते तोच तेथे स्मारक व्हावे अशी मागणी उठली. त्या वेळी हृदयनाथ मंगेशकरांनी या विषयाचे राजकारण थांबवा, असे जाहीरपणे सांगितले. थोर व्यक्तीचा आदर आणि मुलांची खेळण्याची जागा यांत निवड करण्याची पाळी आणू नये, एवढा पोच एका कुटुंबाने दाखवला. मागणी करणाऱ्यांनी तो दाखवला नव्हता.

परंतु या परिसराच्या स्वभावावर सर्वांत प्रखर प्रकाश टाकणारा वाद मैदानाचा नव्हता, त्याभोवतीच्या घरांचा होता. २०१२ मध्येच वारसा समितीने प्रसिद्ध केलेल्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कच्या परिसराचा समावेश झाला, आणि आवाजाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या याच परिसरातून त्या यादीला कडाडून विरोध झाला. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. सज्जे गळू लागले, सळया गंजून उघड्या पडल्या, म्हातारी माणसे लिफ्टवाचून तिसऱ्या मजल्यावर अडकली. अशा वेळी पुनर्विकास म्हणजे फुकट मिळणारे मोठे, नवे, स्वतःच्या नावाचे घर. आणि वारसा म्हणजे त्या घराच्या वाटेत उभी राहिलेली समिती. मैदानात विटेवर वीट चढू नये आणि आपली इमारत मात्र वीस मजले चढावी, अशी ही दुहेरी इच्छा होती. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पडक्या जिन्याखाली वारसा जपत राहा, असे सांगण्याचा अधिकार तेथे न राहणाऱ्याला नाही. परंतु या दोन इच्छांचा एकमेकींशी संबंध आहे, हे कोणी मनावर घेतले नाही. दोन-तीन मजली घरातला मुलगा हाक मारली तरी मैदानातून ऐकू येईल इतका जवळ खेळत असे. विसाव्या मजल्यावरून मैदान हे दृश्य होते आणि दृश्याची किंमत फ्लॅटच्या दरात धरली जाते. खाली वाहनतळ, त्यावर सोसायटीची बाग, व्यायामशाळा, मुलांच्या घसरगुंड्या अशी सगळी तजवीज कुंपणाच्या आतच झाल्यावर कट्ट्यावर येऊन बसण्याची गरज कोणाला उरणार?

गेल्या काही वर्षांतला धुळीचा वाद याच बदलाची साक्ष देतो. मैदानावर पसरलेली लाल माती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्याबरोबर उडते आणि तळमजल्याच्या खिडक्यांच्या चौकटींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दम्याच्या रोग्यांच्या छातीत जाऊन बसते. पालिकेने पावसाचे पाणी साठवून फवारण्याची योजना केली, हिरवळ लावून पाहिली, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला. माती खरवडून काढावी, असे एका बाजूने आणि खेळपट्ट्यांना हात लावू नये, असे दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. हा प्रश्न खराच गुंतागुंतीचा आहे. पण तो सोडवायला ज्यांनी पुढे यायचे, ते नगरसेवकच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे अस्तित्वात नव्हते. प्रशासक अर्ज घेतो, शेरा मारतो, निविदा काढतो. त्याला कोणी कट्ट्यावर अडवून जाब विचारीत नाही.

शंभर वर्षांचा हा हिशेब मांडला असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. जेथे जेथे लोक भांडले, तेथे तेथे मैदान वाचले. जेथे सर्वांनी संमतीने मान डोलावली, तेथे ते कडेने आकसले. मात्र भांडणाऱ्यांत काहींची जागा कायम रिकामी राहिली. दुपारी झाडाखाली डोळा लागलेला हमाल, पाणी विकणारी बाई, सहा डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून येणारी माणसे यांच्यापैकी कोणाचेही नाव कोणत्या याचिकेवर वा हरकतीच्या अर्जावर आढळत नाही, आणि मैदान त्यांचेही आहे. तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांना विनंती इतकीच, की मैदानाबद्दल पुढचा ठराव, आराखडा वा निविदा येईल तेव्हा हरकती-सूचनांची मुदत टळू देऊ नका, प्रभाग कार्यालयात जाऊन रोखठोक वाद घाला. आणि वाद घालताना मैदान आमचे असे न म्हणता ते सर्वांचे आहे, असे म्हणा.