धानाचा पिवळा पतंग व त्याची अळी

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा-भद्रावतीकडील काळी जमीन कापूस-सोयाबीनची. परंतु मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी व नदीपलीकडील आरमोरी, देसाईगंज हा मुलूख धानाचा होय. ह्या मुलुखात रोवणीच्या सुमारास रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा एक लहानसा पिवळा पतंग सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पिकाचे पान खात नाही, व सुमारे आठवडाभरातच मरतो. म्हणून त्याजकडे कोणी लक्ष देत नाही. तथापि निसवलेल्या धानात ज्या पांढऱ्या, पोकळ लोंब्या दिसतात, ती ह्याच्याच संततीची करणी होय.

ह्या किडीस आपण खोडकिडा म्हणतो. वॉकर नामक इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने सन १८६३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. हिंदुस्थानात जेथे धान तेथे ती आहेच. शिवाय लंका, ब्रह्मदेश, चीन व जपानपर्यंत तिचा प्रसार आहे. धान हेच तिचे मुख्य अन्न. मादीचे पुढील पंख गवती पिवळे असून प्रत्येकावर एकेक ठळक काळा ठिपका असतो. नर आकाराने लहान व मळकट तपकिरी असून त्याचा ठिपका अंधुक असतो.

मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी पुंजक्याने घालते व त्यांवर आपल्या शरीरावरील पिवळसर केसांचे पांघरूण घालते. एका पुंजक्यात १५ पासून ८० पर्यंत अंडी असतात. पाच ते आठ दिवसांत अळ्या निघतात. त्या रेशमाच्या बारीक धाग्यास लोंबकळून वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात व थोड्याच दिवसांत खोडात शिरतात. बहुधा एका खोडात एकच अळी असते. सुमारे महिनाभर आतील भाग खाल्ल्यावर ती खोडातच कोष करते. त्याआधी बाहेर पडण्याचे भोक ती करून ठेवते. आठ-दहा दिवसांनी पतंग त्यातून निघतो.

फुटव्याच्या वेळी अळी लागली तर मधला पोंगा वाळतो व ओढताच हाती येतो. हा गाभेमर. त्याची भरपाई नवे फुटवे पुष्कळदा करतात. परंतु निसवताना लागलेल्या किडीस भरपाई नाही. भरलेली लोंबी भाराने वाकते, ही ताठ उभी राहते. धुऱ्यावरून पाहणारास पीक बरे दिसते, आणि खळ्यावर घट कळते. हंगामात किडीच्या अनेक पिढ्या होत असल्याने उशिरा निसवणाऱ्या भारी धानास धोका अधिक.

अळी एकदा खोडात शिरली म्हणजे फवाऱ्याचे औषध तिजपर्यंत सहजी पोचत नाही. म्हणून तिला दोन ठिकाणी गाठावे. पहिले ठिकाण पऱ्ह्यांचा शेंडा. रोवणीपूर्वी जुड्यांचे शेंडे खुडले की त्यांवरील अंडी जातात. मात्र खुडलेले शेंडे धुऱ्यावर न टाकता जाळावे अगर पुरावे. दुसरे ठिकाण धसकट. कापणीनंतर उरलेल्या अळ्या बुडख्यात उतरून पावसाळ्यापर्यंत निजून राहतात. यंत्राने उंच कापणी केल्यास त्यांचे घर शाबूत राहते. कापणी जमिनीलगत करावी व नंतर नांगरटी करून धसकटे वेचावी.

येथे एक खरी अडचण आहे. आपल्याकडे उभ्या धानात लाखोळी टाकण्याची चाल आहे, व त्यामुळे बांधी लगेच नांगरता येत नाही. लाखोळी सोडा असे आम्ही म्हणणार नाही; कारण गरिबाचे ते दुसरे पीक आहे. परंतु तिची काढणी होताच, मृगापूर्वी, एक नांगरटी अवश्य करावी. निजलेली अळी तोवर तेथेच असते.

ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी ह्या पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालते. हेक्टरी ५०,००० प्रमाणे ती आठवड्याच्या अंतराने सोडतात. गाभेमर शेकडा पाचांवर गेल्याखेरीज विषारी औषध फवारू नये, नाही तर हा मित्र आधी मरतो.

पतंगास धुरा अडवीत नाही. एकाने धसकटे काढली व शेजाऱ्याने राखली तर श्रम वाया जातात. सबब गावाने मिळून एकाच पंधरवड्यात हे काम उरकावे, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंती आहे.