मादी कुत्र्यांच्या स्तनग्रंथींतील अर्बुदे व प्रथिन-निर्देशक

वंध्यीकरण न झालेल्या मादी कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळणारे अर्बुद स्तनग्रंथींचे होय. मादीला साधारणतः ग्रंथींच्या पाच जोड्या असतात आणि एकाच वेळी निरनिराळ्या ग्रंथींत भिन्न स्वरूपाच्या गाठी असू शकतात. त्यांपैकी सुमारे निम्म्या घातक असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मात्र घातकता हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून ठरत नाही. काही सौम्य मिश्र अर्बुदांत कूर्चा व अस्थीही तयार होते. त्यामुळे दगडासारखी गाठ निरुपद्रवी निघू शकते.

निदानाचा पाया सूक्ष्मदर्शकाखालील ऊतकपरीक्षण हाच आहे. परंतु दिसण्यात सारख्या असलेल्या दोन गाठींची पुढील वाटचाल वेगळी असू शकते. येथे प्रथिन-निर्देशकांचा आधार घेतला जातो. फॉर्मेलिनमध्ये राखलेल्या व मेणात बसविलेल्या ऊतकाच्या पातळ छेदावर प्रतिपिंड सोडले जाते आणि अपेक्षित प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटविला जातो. यांतील केआय-६७ हे प्रथिन जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १९८३ मध्ये नोंदविले. विभाजनचक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात ते असते, विश्रांत पेशींत नसते. अशा पेशींचे प्रमाण वाढले की भवितव्य बिघडते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही सौम्य गाठींत बहुधा टिकून राहतात, घातक गाठींत घटतात. कॉक्स-२ हे विकर दाहक कर्करोगात विशेष वाढलेले आढळते.

खरा पेच एचईआर-२ या प्रथिनाचा आहे. ते अधिक प्रमाणात असलेल्या स्त्रियांच्या स्तनकर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. साहजिकच मानवासाठी बनविलेली परीक्षणे कुत्र्यांच्या ऊतकावर जशीच्या तशी वापरली गेली आणि निष्कर्षांत मोठी तफावत पडली. प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. त्याचा लहानसा भाग ओळखते. तो भाग कुत्र्यात बदललेला असेल, किंवा तसाच भाग दुसऱ्या प्रथिनात असेल, तर रंगाचा अर्थच बदलतो. सर्वाधिक प्रचलित प्रतिपिंड कुत्र्याच्या ऊतकात विशिष्टपणे काम करीत नाही, असा निष्कर्ष इटलीतील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला. कुत्री ही मानवी स्तनकर्करोगाची नैसर्गिक प्रतिकृती आहे, हे विधान काहीशा घाईने केले जाते. किमान या प्रथिनापुरते ते तपासून घ्यावे लागते.

त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. टाशा नावाच्या बॉक्सर मादीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून दोन्ही प्रजातींतील अमायनो आम्लांचा क्रम शेजारी ठेवून पाहता येतो. वेस्टर्न ब्लॉट चाचणीने ओळखलेल्या प्रथिनाचे वजन अपेक्षेप्रमाणे आहे की नाही, हे कळते. प्रत्येक परीक्षणासोबत कुत्र्याचेच, प्रथिन असल्याची खात्री असलेले ऊतक तुलनेसाठी ठेवावे लागते. मानवी रक्तचाचण्यांतील सीए १५-३ हा निर्देशक कुत्र्याच्या रक्तरसात मोजतानाही हाच निकष लागू होतो.