बाजारातल्या मोठ्या कोंबड्या आपल्या तलंगांत कशा मिसळायच्या?



परसात 20-25 तलंगा आहेत, अंडी सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत आणि गिऱ्हाईक मात्र आजच अंडी मागतंय. मग आपण काय करतो? आठवडी बाजारातून अंड्यावर आलेल्या चार-पाच कोंबड्या आणतो आणि संध्याकाळी त्याच खुराड्यात सोडतो. थांबा! नफा-तोट्याचा खरा खेळ इथेच आहे.

आधी वेगळं ठेवा

मोठी कोंबडी एखाद्या आजारातून उठलेली असू शकते. ती धडधाकट दिसते, पण रोग सोबत घेऊन येऊ शकते. शिवाय पंखांखाली उवा असू शकतात. म्हणून 30 दिवस तिला लांब, वेगळ्या खुराड्यात ठेवा. भांडी वेगळी. दाणा-पाणी आधी तलंगांना, शेवटी नव्यांना. नंतर हात-पाय धुवा, चप्पल बदला. मानमोडीची लस तलंगांना दिलीय ना, तेही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

हिशोब मांडा

एक मोठी कोंबडी रोज साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते. पाच कोंबड्या, 30 दिवस, म्हणजे 15 ते 18 किलो खाद्य. जागा बदलल्यामुळे सुरुवातीला अंडीही कमी होतात. हा खर्च कोंबडीच्या किमतीत धरा. मग परवडत असेल तरच घ्या. दुकानात माल घेताना आपण भाडं-हमाली धरतोच ना? तसंच हे!

मग ओळख करून द्या

कोंबड्यांत मोठी कोण, छोटी कोण हे चोचीने ठरतं. तलंगा आकाराने जवळपास बरोबरीच्या झाल्याशिवाय मिसळू नका. आधी आठवडाभर मध्ये जाळी लावा. एकमेकींना बघू देत, पण चोच लागायला नको. नंतर एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्या कोंबड्या एकदमच आत ठेवा. एकटी सोडली तर सगळ्यांचा मार तीच खाते.

सकाळी उजाडताच तिथे हजर राहा. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे कोणी उपाशी राहणार नाही. थोडी टोचाटोची होणारच, त्यात पडू नका. पण रक्त दिसलं की जखमी कोंबडी लगेच बाजूला काढा, कारण रक्त बघून बाकीच्याही टोचत सुटतात.

खाद्याचं काय?

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं. ते रोज खाऊन तलंगांचे मूत्रपिंड खराब होऊ शकतात. म्हणून सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती खाईल.

मित्रांनो, पाच कोंबड्यांची अंडी महिनाभर उशिरा विकली तर धंदा बुडत नाही. पण त्यांच्यामुळे 25 तलंगा गेल्या, तर सगळं भांडवलच गेलं. तेव्हा बाजारात जायच्या आधी दुसरं खुराडं तयार ठेवा. खुराडं नसेल, तर कोंबडी आणूच नका!