सार्वजनिक वाय-फाय आणि आपला लॅपटॉप

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी मोफत वाय-फाय सेवा सुरू केली. जून २०१८ मध्ये दिब्रुगढ हे या योजनेतील ४००वे स्थानक ठरले. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतल्यावरही रेलटेलने सेवा चालू ठेवली. गाडीची वाट पाहत लॅपटॉपवर खात्यातील शिल्लक तपासणारा प्रवासी आता नवलाचा राहिलेला नाही.

या जाळ्यात शिरताना प्रथम प्रवेशपृष्ठ उघडते, भ्रमणध्वनी क्रमांक विचारला जातो आणि ओटीपी येतो. बँकेच्या ओटीपीची सवय झालेल्या ग्राहकास येथे सुरक्षिततेचा भास होतो. वास्तविक हा ओटीपी केवळ कोण आले याची नोंद ठेवण्यासाठी असतो. पुढील देवाणघेवाणीस तो कोणतेही संरक्षण देत नाही. शिवाय शेजारच्या बाकावर बसून कोणीही त्याच नावाचे दुसरे जाळे उभे करू शकतो.

विंडोज वापरणाऱ्यांनी जोडणी झाल्यावर त्या जाळ्याच्या गुणधर्मांत 'पब्लिक' हा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. 'प्रायव्हेट' हा पर्याय घरासाठी आहे. तो ठेवल्यास आपला संगणक त्याच जाळ्यातील इतरांना दिसू शकतो. फाइल व प्रिंटर शेअरिंग बंद असावे. आपोआप जोडणीची खूणही काढावी, अन्यथा लॅपटॉप पुढील वेळी त्याच नावाच्या परक्या जाळ्यास आपणहून जाऊन मिळेल. (नेमकी हीच खूण बहुधा राहून जाते.)

प्रवेशपृष्ठाचे सोपस्कार होण्याआधी बँकेचे संकेतस्थळ उघडू नये. तसे केल्यास प्रमाणपत्राविषयी इशारा येऊ शकतो आणि तो डावलून पुढे जाण्याची सवय जडते. सर्वांत घातक तीच. प्रवेशानंतरही इशारा आला, तर काम तेथेच थांबवावे. 'एचटीटीपीएस' या अक्षरांचा अर्थ संभाषण कूटबद्ध आहे एवढाच. समोर आपलीच बँक आहे, अशी ग्वाही ती देत नाहीत. त्यासाठी पत्ताच वाचावा लागतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जाण्याचे निर्देश दिले होते, ते याच कारणाने.

रक्कम पाठवायची असेल, तर माझ्या मते स्वतःच्या भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉटच बरा. त्यास फारसा डेटा लागत नाही. खात्यातून अनोळखी रक्कम गेल्याचे दिसताच बँकेस आणि १९३० या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी असू द्यावा.